माझ्या मागांवर लक्ष ठेव

बुऱ्हाणपूर स्टेशनवर आम्हाला सोडायला बाबा पाळीवरून थेट आले होते. केसांत आणि भुवयांवर कापसाची पांढरी भुकी तशीच होती. कैलासचे वडील, मधुकरकाका, आले नव्हते, कारण बाबांचे माग सांभाळायला कुणीतरी मागे थांबणं भाग होतं. दोघंही सिंधीपुऱ्यातल्या एकाच पावरलूमच्या शेडमध्ये शेजारशेजारच्या मागांवर काम करतात. मी आणि कैलास त्या शेडमध्ये दुपारचे डबे पोहोचवतच मोठे झालो. आमच्या दोन्ही घरांतून कॉलेजात जाणारे आम्हीच पहिले, आणि तेही पुण्याला.

गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीशी येऊन काहीतरी बोलले. शेजारच्या रुळावरून मालगाडी चालली होती, काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी शेडमध्ये करतात ती खूण केली. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे, मग माझ्याकडून कैलासकडे, मग कैलासकडून माझ्याकडे. आम्ही दोघांनी हात वर केले. आई मागे उभी राहून रडत होती, आणि मला, खरं सांगायचं तर, कधी एकदा गाडी प्लॅटफॉर्म सोडते असं झालं होतं.

ज्यांनी चालू शेड आतून पाहिलेली नाही त्यांना ही खूण सांगायला हवी. आत माणसाचा आवाज टिकत नाही. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटत असतो, सगळे माग एकदम चालतात आणि जमीनसुद्धा थरथरते. म्हणून तिथे हातांनी बोलतात. धोट्यातली सुताची कांडी संपली, चहा आला, सेठ आला, सगळ्याला खूण आहे. सगळ्यात मोठी खूण जागा सोडून जाण्याची. पाणी प्यायला जायचं असेल तर शेजाऱ्याकडे बघून दोन बोटं डोळ्यांकडे न्यायची आणि मग आपल्या मागांकडे दाखवायची. माझ्या मागांवर लक्ष ठेव. त्यानं तळहात वर केला की जायचं, तोवर नाही. कारण ताण्यातला, म्हणजे उभ्या सुतातला, एक धागा तुटला तरी माग थांबत नाही. कुणी पाहिलं नाही तर कापडात लांबच लांब रेघ पडत जाते.

एकदा बाबांचं आणि मधुकरकाकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. बोलणं बंद, घरी जाणंयेणं बंद. तरी शेडमध्ये हात वर होत होते. मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "महिनाभर बोलू नको त्याच्यासंग. पण हात वर करायचा म्हणजे करायचा."

पुण्यात आम्हाला पहिली गोष्ट कळली ती ही, की आम्ही ओरडतो. बुऱ्हाणपुरात असताना कळायचं काही कारणच नव्हतं, कारण आमच्या गल्लीत सगळेच तसं बोलतात. दिवसभर मागांवर राहिलेला माणूस घरी येऊन हळू बोलत नाही, आणि त्याची पोरंही नाहीत. मी रोज संध्याकाळी घरी फोन करायचो. एके दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या.

"घरी काही भांडण झालंय का रे?"

"नाही काकू. जेवण झालं का विचारत होतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खोटं बोलत होतो. पुढच्या आठवड्यात आमच्या फ्लॅटमधल्या तिसऱ्या मुलाला घरमालकाचा निरोप आला, एमपीच्या मुलांना जरा समज द्या. एमपीची मुलं, कारण बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात. गावी आम्ही 'मराठी लोक' होतो. हिंदी शाळेत मास्तर आमच्या बोलण्याला हसायचे. इथे येऊन आम्ही 'हिंदीवाले' झालो आणि हसणारे मराठी होते. "मी जाऊन राहिलो" म्हटलं की वर्गातला कुणीतरी मागून विचारायचा, "नक्की काय, जातोयस की राहतोयस?" मी पहिल्या महिन्यात वर्गात तोंड उघडणं सोडलं. जे गाव सोडून दुसरीकडे गेले आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. तुम्हाला कुणी मारत नाही, हाकलत नाही. फक्त तुम्ही बोललात की एकमेकांकडे बघतात.

आमच्या फ्लॅटमध्ये तिसरा होता अथर्व. सातारचा, पण पुण्यात शिकून पक्का पुणेरी झालेला. त्यानंच आम्हाला कॉलेजमागच्या गेमिंग कॅफेत नेलं. रविवारी दुपारी तिथे एक भीतीचा गेम चालायचा, एकत्र खेळायचा. बंद पडलेल्या इस्पितळात आपण उतरायचं, अंधारात फ्यूज शोधायचे, लिफ्टला बसवायचे आणि सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं. आत एक आंधळं काहीतरी फिरत असतं. त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. आणि नुसते गेममधल्या पावलांचे आवाज नाहीत, आपल्या माइकमधून जाणारा आपला खरा आवाजसुद्धा. कुणी खाली पडला तर दुसऱ्यानं वेळेत जाऊन त्याला उठवायचं. नाही गेलं तर तो संपला.

पहिल्याच दिवशी ते अथर्वच्या पाठीमागे येताना मला दिसलं. मी काय करणार? मी ओरडलो, "अथर्व, मागं बघ." ते वळलं आणि माझ्याकडे आलं, मग कैलासकडे, मग अथर्वकडे. मिनिटाभरात आम्ही तिघंही गेलो. कॅफेतले सगळे हसले. अथर्व हेडफोन काढून म्हणाला, "हा माणूस नाही, गिरणीचा भोंगा आहे." तेव्हापासून मी भोंग्या. आधी कॅफेत, मग फ्लॅटवर, मग वर्गात. कैलासही माझ्याइतकाच मोठ्यानं बोलायचा, पण नाव मला मिळालं.

दुसऱ्या रविवारी कैलास माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. गेम सुरू झाला आणि त्यानं माइक बंद केला. मीही केला. इस्पितळाच्या जिन्यापाशी त्यानं कीबोर्डवरचा हात क्षणभर उचलला, दोन बोटं डोळ्यांकडे नेली आणि पडद्यावरच्या दाराकडे दाखवली. मी तळहात वर केला. तो आत गेला, फ्यूज घेऊन आला, मी दारावर लक्ष ठेवलं. कांडी संपल्याची खूण आम्ही टॉर्चची बॅटरी संपली म्हणून वापरली. धागा तुटल्याची खूण, म्हणजे दोन बोटं जुळवून एकदम फाकवायची, ती 'मी पडलो, ये' म्हणून. सेठ आल्याची खूण कशासाठी वापरली हे सांगायलाच नको. अथर्व वैतागायचा. "हे काय मूकनाट्य चाललंय?" पण लिफ्टपर्यंत आम्हीच पोहोचायचो.

पुण्यातल्या त्या वर्षात मला बरे आठवतात ते हेच काही रविवार. हातातला टॉर्च मिणमिणतोय, भिंतीपलीकडे ते फिरतंय, आणि तरी मला आठवडाभरात वाटली नाही इतकी सुरक्षितता वाटायची. भीती खोटी होती म्हणून नाही. शेजारचा हात वर येणार हे ठाऊक होतं म्हणून.

मग कैलास हळू बोलायला लागला. कधीपासून, ते सांगता येणार नाही. एक दिवस तो फोनवर बोलत होता आणि मला बाहेरच्या खोलीत काही ऐकू आलं नाही, तेव्हा लक्षात आलं. त्याच्या वाक्यांतून 'राहिलो' गेलं, 'काबरं' गेलं. काकू त्याला जिन्यात थांबवून चौकशी करायला लागल्या. अथर्वच्या मित्रांत तो उठायबसायला लागला. कॅफेत तो एकदा अथर्वच्या पलीकडे जाऊन बसला. तिथे दर दोन खुर्च्यांनंतर एक पातळ फळी आहे. फळीवरून मला त्याचं फक्त कपाळ दिसायचं.

शेवटचा रविवार मला नीट आठवतो. आम्हाला एकच फ्यूज हवा होता. मी मागे झुकलो, फळीच्या मागून कैलासकडे पाहिलं आणि खूण केली. त्यानं पाहिलं. हे मी खात्रीनं सांगतो, त्याची नजर माझ्या हातावर आली होती. मग ती पडद्यावर परत गेली. त्याचा हात वर आला नाही. मी जायला नको होतं, पण गेलो, कारण आजवर तो हात आला नाही असं झालंच नव्हतं. ते कोपऱ्यावरच होतं. मी खाली पडलो. पडद्यावर माझा वेळ संपत चालला, कैलास आणि अथर्व लिफ्टकडे निघाले. मी दोन बोटं फाकवली. कुणी बघत नव्हतं. तेव्हा मी ओरडलो, "कैलास, इकडं ये ना बे."

सगळा कॅफे वळला. आणि कैलास फळीपलीकडून अगदी मऊ, साफ मराठीत म्हणाला, "भोंग्या, जरा हळू. लोकांना त्रास होतोय."

अथर्व हसला. लिफ्टचं दार बंद झालं.

परत येताना मी त्याला गाठलं.

"काबरं म्हटलं तसं?"

"काय म्हटलं? हळू बोल म्हटलं."

"भोंग्या म्हटलंस."

"सगळेच म्हणतात."

"सगळे सिंधीपुऱ्यातले नाहीत."

तो थांबला. "तेच तर. मला जाईन तिथे सिंधीपुरा घेऊन नाही फिरायचं. तुला हात हलवत बसायचं तर बस. आपले बाप बसलेत तसंच."

मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर आम्ही एकाच खोलीत झोपत होतो आणि बोलत नव्हतो. मी कॅफेत जाणं बंद केलं. त्याचा इतका राग होता की त्याच्या कपबशीचा आवाज आला तरी मी खोलीबाहेर जायचो. आणि तरीही त्याच दिवसांत मीही हळू बोलायला लागलो. कुणी भोंग्या म्हणायला जागाच ठेवायची नाही, असं ठरवून. फोनवर आई विचारायची, "बरं नाही का तुला?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकाच गाडीनं, वेगवेगळ्या डब्यांतून बुऱ्हाणपूरला आलो. आईनं दराबा, आमच्याकडचा रव्या-तुपाचा गोड पदार्थ, केला होता. मी बाबांचा डबा घेऊन शेडमध्ये गेलो आणि त्यांना पुण्याच्या परीक्षेचं सांगायला लागलो. त्यांनी कान पुढे केला.

"काय पुटपुटून राहिला? घशाला काय झालं तुह्या?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही. माझा आवाज मागांपर्यंतही जात नव्हता. बाबांनी मान हलवली, मला दोन बोटांची खूण केली, मी हात वर केला आणि ते डबा घेऊन बाहेर गेले. मधुकरकाका आधीच बाहेर बसले होते. त्यांच्या मागांवर कैलास उभा होता.

आमच्यात हातभर अंतर. मी धोट्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं त्याच्या खिशातला फोन उजळला. त्यानं नाव पाहिलं आणि माझ्याकडे वळून खूण केली. दोन बोटं डोळ्यांकडे, मग काकांच्या मागांकडे.

मी पाहिलं आणि नजर काढून घेतली. जसं त्यानं केलं होतं तसंच. मला त्याचा आनंद झाला, हे लपवत नाही.

तो जाईल असं मला वाटलं. दार चार पावलांवर होतं, कुणी बघत नव्हतं. पण तो गेला नाही. फोन हातात उजळत राहिला आणि विझला. त्याचे ओठ हलले, पण पुण्यात कमावलेला तो आवाज इथे कुणाच्या कामाचा नव्हता. त्याला हाक मारता येत नव्हती आणि जाताही येत नव्हतं. फोन पुन्हा उजळला. त्यानं पुन्हा खूण केली, तीच, सावकाश, लहानपणी आम्हाला शिकवली होती तशी. त्याच्या भुवयांवर भुकी बसायला लागली होती.

मी त्याला बराच वेळ उभा ठेवला. मग हात वर केला.

तो बाहेर गेला. काकांच्या एका मागावर धागा तुटला तेव्हा मी माग थांबवला, गाठ मारली आणि पुन्हा चालू केला. तो परत आला तेव्हा त्यानं कापडावरून हात फिरवून पाहिला. रेघ नव्हती. मग तो काकांच्या मागांकडे वळला.

लोक विचारतात, घर कुठलं. मी आता बुऱ्हाणपूर म्हणतो आणि ते कुठे आहे हे समजावत बसत नाही. तिथे माझा आवाज पोहोचत नाही, इथे तो कुणाला नको होता. पण ज्याच्याशी बोलायची इच्छा नाही त्याच्यासाठीही हात वर करावा लागतो अशी दुसरी जागा मला माहीत नाही. ती जागा मी पुण्यात शोधली, खोट्या इस्पितळात शोधली. ती शेडमध्येच होती.

सुट्टी संपल्यावर बाबा पुन्हा स्टेशनवर आले. मी मागच्या डब्यात, कैलास पुढच्या. गाडी हलली तेव्हा बाबांनी दोन बोटं डोळ्यांकडे नेली, माझ्याकडे दाखवली, मग पुढच्या डब्याकडे. मी हात वर केला. पुढच्या डब्याच्या खिडकीतूनही एक हात बाहेर आला. तो बाबांसाठी होता, माझ्यासाठी नव्हता, हे मला कळतं. त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण तो हात आत जाईपर्यंत मी खिडकीतून डोकं आत घेतलं नाही.