ढ पोरीची हजेरी

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या शाळेची पाचवी शंभर टक्के प्रगत झालेली आहे. वर्गात वाचता न येणारा एकही विद्यार्थी उरलेला नाही. जी एक होती, तिला खिचडीच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावलेली आहे.

मी तेव्हा शेजारची सहावी शिकवत होतो आणि त्या दिवशी साहेबांच्या चहाची जबाबदारी माझ्यावर होती. त्यामुळे तमाशा मला अगदी पहिल्या रांगेतून बघायला मिळाला.

आधी आमची प्रजा समजून घ्या. गावात ज्याच्या खिशात चार पैसे आहेत, त्याचं पोरगं सकाळी टाय लावून पिवळ्या गाडीतून कॉन्व्हेंटला जातं. पीठ तिकडे, कोंडा आमच्याकडे. सरकारी शाळा म्हणजे दुसरं काय! आमचा अर्धा वर्ग गावाशेजारच्या वाडीतल्या भाजीवाल्यांचा आणि अर्धा मशिदीमागच्या मोहल्ल्यातला, शिंप्यांचा, बांगडीवाल्यांचा. मोहल्ल्यातली पोरं घरी हिंदी बोलायची आणि शाळेत मराठी घडाघडा वाचायची. वाडीतल्या पोरांना वाचता कमी यायचं, पण भाव करता यायचा. दुर्दैवाने परीक्षेत भाव करण्याला मार्क नसतात.

आमची नायिका वाडीतली. आई आठवडी बाजारात मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकायची आणि गिऱ्हाईक बोलवायचं काम या पोरीचं. गळा असा, की बाजाराच्या एका टोकाला ओरडली तर दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळून बघायचं. अक्षराशी मात्र तिची ओळख नव्हती. काना दिसला की ती घाबरायची आणि वेलांटी दिसली की रडायची. पण तिचा एक विषय पक्का होता. हजेरी. तापात आली, चिखलात आली, सख्ख्या भावाच्या लग्नाच्या दिवशी हळदीच्या हातांनी येऊन बसली. कारण वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या पोराला आमच्याकडे सव्वीस जानेवारीला सगळ्या गावासमोर स्टीलचा डबा मिळायचा. आयुष्यात एकदा पहिलं येण्याची तिला तेवढीच एक वाट दिसत होती, आणि ती त्या वाटेवर जीव खाऊन चालत होती.

आणि वाशीमहून साहेब वाचन तपासायला येणार असल्याचा निरोप आला.

हेडसर पाचवी स्वतः शिकवायचे. त्यांना शंभर टक्के हवे होते. आडवी आली ही एकटी. आदल्या दिवशी त्यांनी तिला गोडीत घेतलं.

"बाई, उद्या घरीच राह्य. आराम कर."

"नाही सर. माहा डबा जाईन."

"अवं, सुट्टी आहे उद्या."

"मंग बाकीचे काहून येऊन राह्यले?"

शेवटी तह ठरला. सकाळी तिची हजेरी लावायची आणि साहेब जाईपर्यंत तिने खिचडीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसायचं. तिने तीनदा विचारून घेतलं, "पण हजेरी लागंन ना सर?" हेडसरांनी शपथ घेतली.

साहेब आले. पोरांनी असं वाचलं, की माझ्या हातातला चहा निवला. शिंप्याच्या मुलीने तर धडा पाठ असल्यासारखा म्हटला, आणि तो तिला पाठच होता. हेडसरांची छाती फुगत चालली. तेवढ्यात साहेबांनी सहज डोकी मोजली. मग हजेरीपुस्तक बघितलं. एक डोकं कमी भरलं. पोरगी हजर दाखवली की ती वर्गात दिसावी लागते, एवढं साधं गणित हेडसर विसरले होते.

"मीच नावं घेतो," साहेब म्हणाले.

साहेबांच्या खणखणीत आवाजात नावं सुरू झाली. हेडसर घामाने भिजले. मी ट्रे घट्ट धरला, कारण मला हसू आवरेना. तिचं नाव आलं. आणि मैदानापलीकडून, बंद दारातून, बाजार जिंकणारा तो गळा आला, "हजर सर!"

साहेब स्वतः गेले आणि स्वतः कडी काढली. फ्रॉकला तांदळाची भुकटी लागलेली पोरगी हसत बाहेर आली. साहेबांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिने ते सुलटं धरलं, एवढी प्रगती होती. पानावर विहिरीचं चित्र होतं. ती म्हणाली, "विहीर हाय. पाणी खोल हाय. मोटर जळाली वाटते." धडा थोर पुरुषाच्या बालपणाचा होता. वर्ग फुटला. साहेब चष्मा पुसत हसले. मीही हसलो, उगाच कशाला खोटं सांगू. पोरीला वाटलं आपलं उत्तर आवडलं, म्हणून तीही हसली.

नंतर ऑफिसात हेडसर हात जोडून म्हणाले, "साहेब, ती पोरगी आज आलीच नाही, असं समजा."

साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "समजायचं कायले? लिहा ना."

हेडसरांनी लिहिलं. शाळा शंभर टक्के प्रगत झाली.

सव्वीस जानेवारीला सगळं गाव मैदानात. आधी हेडसरांना शाल मिळाली. मग हजेरीचं बक्षीस पुकारायची वेळ आली. आमची पोरगी नाव घ्यायच्या आधीच उठून उभी. दोन्ही वेण्यांना तेल, लाल रिबिनी, पाठीमागे जुड्यांची टोपली बाजूला ठेवून आलेली आई. नाव आलं शिंप्याच्या मुलीचं. तीही बिचारी डब्याकडे न बघता हिच्याकडे बघत राहिली.

"सर, मी?" पोरगी म्हणाली.

"तू एक दिवस गैरहजर होती," माइकमधून हेडसर.

"कव्हा?"

"साहेब आले होते त्या दिवशी."

अख्ख्या पाचवीने एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवशी शाळेत कोणाची हजेरी सगळ्यांत मोठ्याने लागली होती, हे न वाचता येणाऱ्यालाही ठाऊक होतं. हेडसर माइकच्या वायरीशी चाळा करू लागले.

पोरीने थोडा विचार केला. मग माइकची गरज नसलेल्या त्या गळ्यातून सगळ्या गावाला ऐकू गेलं,

"म्हंजे सर, मी हजेरीतबी नापास?"