आईने किल्ली मागितली

मंडळी, आज मन भरून आलंय.

बाबांची जुनी अँबॅसिडर आम्ही घरच्यांनीच वर्षभर खपून दुरुस्त केली. इंजिन मी आणि भावाने केलं, सीटकव्हरं बायकोने शिवली. आज सकाळी ती सुरू झाली.

आईसाठी मी मागचं दार उघडलं. ती म्हणाली, “मागं काहून बसू? किल्ली दे मले.”

सत्तरच्या दशकात बाबा आजारी होते, तेव्हा सावनेरहून नागपूरच्या दवाखान्यात आईच त्यांना या गाडीतून आणायची. बाईला गाडी चालवताना पाहून लोक थांबत.

आज नागपुरातल्या नंदनवन भागात आमच्या घरासमोरच्या मैदानाला तिने सावकाश एक चक्कर मारली. मग म्हणाली, “तुझे बाबा बाजूले बसून झोपून जायचे. एवढा भरवसा होता त्याईले.”

तुमच्या घरी त्या काळी कोणी बाई गाडी चालवायची का?