सगळ्या पेठेचा एकच ईमेल

नोकरीत खून, दरोडे, जमिनीच्या भांडणातल्या हाणामाऱ्या पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या कित्येकांचे तपशील आता आठवत नाहीत. पण संगमनेरला पोलीस ठाण्याची प्रभारी असताना आलेला एक तक्रार अर्ज आजही जसाच्या तसा आठवतो. तो अर्ज चोरीचा होता आणि चोरीला काय गेलंय हे आमच्या ठाण्यात कुणालाच कळत नव्हतं.

सकाळची हजेरी आटोपून मी बाहेरच्या खोलीत आले, तर ठाणे अंमलदार लेखणी हातात धरून बसले होते. समोर पन्नाशीची एक बाई होती. तिचं पेठेत पशुखाद्याचं दुकान होतं आणि नवरा गेल्यापासून ते तीच चालवत होती.

"मॅडम, मुद्देमालाच्या रकान्यात काय लिहू?" अंमलदारांनी विचारलं. "या म्हणतात मैल चोरीला गेले."

"रस्त्यावरचे का हो?" मागून एक हवालदार हसला.

बाई त्याच्याकडे वळली. "हसा दादा. तुमची लेक असती परदेशात, तर हसला असता का?"

मी तिला आत बोलावलं. प्रकरण असं होतं. ढेपेचा आणि सरकीचा माल ती क्रेडिट कार्डावर मागवायची. दूधवाले शेतकरी खाद्य उचलतात आणि दुधाचा पगार झाला की पैसे देतात, त्यामुळे हप्ता चुकायचा नाही. काही वर्षांत कार्डावर बक्षिसाचे भरपूर पॉइंट जमले. मुलगी कॅनडात होती, तिला आठवा लागला होता आणि सासरचं तिथं कुणी नव्हतं. व्हिसाचा अर्ज टाकला होता. तेव्हाच बाईने सगळे पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत, म्हणजे तिकिटासाठी पैशांऐवजी चालणाऱ्या जमेत, बदलून घेतले. जायचं-यायचं तिकीट त्यात बसत होतं. व्हिसा हातात आल्यावर चिठ्ठीवर लिहून मिळालेला पासवर्ड टाकून तिकीट काढायला बसली, तर खातं रिकामं.

"नववा सरायच्या आत मला तिथं पोचायचंय, मॅडम. तिकिटाएवढं रोख उचललं तर दुकानात माल भरायला काय ठेवू? ऐन उन्हाळा हाय, खाद्य न्हाई दिलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल."

स्टेशन डायरीला नोंद केली, जिल्ह्याच्या सायबर शाखेला कळवलं आणि बँकेला पत्र दिलं. बँकेचं उत्तर सरळ होतं. पॉइंट बाईने स्वतःच वळवले, ओटीपी तिच्याच मोबाईलवर गेला, एकदा मैल झाले की ते पुन्हा पॉइंट होत नाहीत. बँकेच्या बाजूने विषय संपला.

हे सगळं तिला शिकवलं कुणी, असं विचारल्यावर तिने पेठेतल्या काकांचं नाव घेतलं. हे गृहस्थ व्यापाऱ्यांची विवरणपत्रं भरून द्यायचे. कार्ड घ्यावं कसं, वापरावं कसं हे अर्ध्या पेठेला त्यांनीच शिकवलं होतं. मी त्यांना बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट, हातात थर्मास. घरचाच चहा पितात म्हणे.

"मॅडम, मी फक्त मार्ग दाखवला," ते म्हणाले. "ओटीपी तिचा, बोट तिचं. मी कार्डाला हात तरी लावला का, विचारा तिलाच."

विचारलं. बाई म्हणाली, "न्हाई हो, काका देवमाणूस हाय." जबाबात खोट दिसली नाही. मी त्यांना जाऊ दिलं. पण एक गोष्ट खटकली. ज्यांची वस्तू गेली ती माणसं रागावतात, आणि ज्यांच्यावर उगाच संशय येतो ती त्याहून जास्त रागावतात. काका अजिबात रागावले नव्हते. उलट जाताना अंमलदारांच्या मुलीच्या शिष्यवृत्तीची चौकशी करून गेले.

खबर मिळाली ती भलतीकडूनच. बसस्थानकाजवळ तिकिटं काढून देणारा एक दुकानदार होता. पार्किंगच्या भांडणात तो ठाण्यात आला आणि जाता जाता कुरकुरला, "धंदाच राहिला न्हाई मॅडम. गावातल्या एका डॉक्टरांना सिंगापूरची तिकिटं निम्म्या भावात मिळाली. निम्म्यात कुणाला परवडतंय? मला तर न्हाई परवडत."

मलाही तोच प्रश्न पडला. ज्याला तिकीट फुकटात पडलं आहे त्यालाच ते निम्म्यात परवडतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी बाईला पुन्हा बोलावलं. या वेळी बँकेचा विषयच काढला नाही. "विमान कंपनीचं खातं उघडताना मोबाईल कुणाचा दिला?"

"काकांनीच भरलं समदं. फॉर्म इंग्रजीत हुता."

"आणि ईमेल?"

"काकांचाच की. आमच्यात कुणाला हाय ईमेल? समद्या पेठेचा तोच हाय."

मला ते खरं वाटेना. साध्या साडीत पेठेतून एक फेरी मारली. हार्डवेअरवाल्याला विचारलं, भांडीवाल्याला विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं. प्रत्येकाने तोच पत्ता न अडखळता सांगितला. भांडीवाला तर वर म्हणाला, "तुमाला पाहिजे तर तुमीबी टाका. काका न्हाई म्हणायचे न्हाईत."

इथे प्रकरण उलगडलं. बँकेत पॉइंट होते तोवर त्यांची राखण बाईचा स्वतःचा मोबाईल करत होता. मैल झाले त्या क्षणी राखण बदलली. नव्या खात्याचा प्रत्येक निरोप, पासवर्ड बदलायचा प्रत्येक दुवा काकांकडे जात होता. बाईने आपली वस्तू आपल्या हाताने एका घरातून दुसऱ्या घरात नेली, आणि त्या दुसऱ्या घराची किल्ली तिच्या एकटीजवळ कधी नव्हतीच.

डॉक्टर सज्जन होते, पण ओशाळलेले होते. पुण्याच्या एजंटकडून तिकीट घेतलं म्हणाले. मी फोन पाहायला मागितला. तिकिटाचा मेल पुढे पाठवलेला होता, आणि मूळ मेल ज्या पत्त्यावर आला होता तो मला एव्हाना पाठ झाला होता.

काकांना पुन्हा बोलावलं. थर्मास सोबत होताच. मी काही विचारलं नाही, फक्त डॉक्टरांच्या तिकिटाची प्रत समोर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"मैल पडूनच होते मॅडम," शेवटी म्हणाले. "तिचा व्हिसा येईल असं कुणाला वाटत होतं? पडून राहिले तर मुदत संपून जातात."

"मग व्हिसा आला तेव्हा?"

"दुसऱ्या कुणाच्या खात्यातून तिचं तिकीट काढून दिलं असतं. तिला कळलंही नसतं."

"आणि त्या दुसऱ्याला?"

काकांनी थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. त्यानंतर जबाब सरळ झाला. लोकांच्या मैलांवर काढलेली तिकिटं ते पुण्याच्या त्या एजंटमार्फत विकत होते. बाई पहिली नव्हती. रीतसर गुन्हा दाखल झाला आणि पेठेतल्या आणखी काहींनी आपापली खाती पाहिली. पुढचं न्यायालयाचं काम, त्यात मी शिरत नाही.

माझ्या दृष्टीने तातडीचं काम वेगळं होतं. डॉक्टरांचा प्रवास अजून व्हायचा होता. त्यांनी कुरकुर न करता तिकिटं रद्द करायला संमती दिली. विमान कंपनीशी पत्रव्यवहार झाला, खात्याला बाईचा मोबाईल आणि ईमेल जोडला गेला, आणि मैल परत आले. पण मधल्या काळात कंपनीने तिकिटाला लागणारे मैल वाढवले होते. जाण्या-येण्याला पुरणारे मैल आता जाण्यापुरतेच उरले. यात गुन्हा कुणाचाच नव्हता, हा त्या व्यवहाराचाच नियम होता.

"जाण्यापुरतं झालं ना?" बाई म्हणाली. "यायचं बघू. नात-नातू झाल्यावर यायची घाई कुणाला हाय?"

तिचा ईमेल आमच्या महिला शिपायाने ठाण्यातच उघडून दिला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा बाईने आम्हा दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, "तोंड तिकडं करा." आम्ही निमूटपणे भिंतीकडे पाहत उभ्या राहिलो. हवालदार त्या दिवशी हसला नाही.

लोक मला विचारतात, पॉइंट मैलांत बदलावेत की नाहीत? जरूर बदलावेत, मीही बदलते. पण आधी हवी ती तारीख आणि जागा मिळते का ते पाहते, मग लागतील तेवढेच बदलते. कधीतरी उपयोगी पडतील म्हणून बदलून ठेवत नाही, कारण ती वाट एकेरी आहे, दर कंपनीच्या हातात आहे आणि मुदतही कंपनीच्याच हातात आहे. खातं स्वतःच्या नावाचं, मोबाईल स्वतःचा, ईमेल स्वतःचा. इंग्रजी येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्यावं, पण पत्ता आपला असावा. आपल्याकडे फसवणाऱ्यांपेक्षा भिडेनेच जास्त नुकसान होतं. देवमाणसाला पासवर्ड बदला कसं म्हणायचं, या भिडेपायी एक अख्खी पेठ गप्प राहिली होती.

काही आठवड्यांनी ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर एक पत्र आलं. विषयाची ओळ कोरी होती. खाली लिहिलं होतं, "मॅडम, येळेत पोचले. नात झाली. पासवर्ड लेकीनं मागितला हुता, तिलाबी दिला न्हाई."