हुंग्याची जळकी गाठ

रुईच्या गोदामात हुंग्याने आणि मी बरोबरीने गाठी वाहिल्या. त्याला सगळे हुंग्या म्हणत, कारण गाठीत आग असली तर ती त्याच्या नाकाला आधी कळायची. घरी तो आबा. बायको मागेच गेलेली. मुलगा आणि सून एवढाच संसार.

गाठीतली आग कशी असते ते सांगतो. कापूस दाबताना खडा यंत्रात घासतो, ठिणगी उडते आणि रुईबरोबर आत दाबली जाते. ज्वाळा नाही, धूर नाही. पाणी मारा, वरचा थर भिजतो. आतली ठिणगी सुखात असते. हात लावला तर गाठ गार. म्हणून संशयाची गाठ बाहेर ओढून एकटी ठेवायची आणि रोज हुंगायची.

मुकादमाला घाई. "अरे, गार पडली की! घे आत."

"आधी तुमचं डोकं गार पडू द्या," हुंग्या म्हणायचा. त्याने "गाठ आत घ्या!" अशी आरोळी दिल्याशिवाय तिला कोणी ओढायचा आकडा लावत नसे.

अशा माणसाला क्षय झाला. खोकून खोकून बरगड्या मोजता येऊ लागल्या. दवाखान्याने सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या. दोनेक महिन्यांत खोकला गेला, भूक परतली, तो कामावर आला.

पहिल्याच दिवशी त्याने एकट्याने गाठ उभी केली. यात नुसता जोर चालत नाही. भार कमरेवर नाही, मांड्यांवर घ्यायचा. दम धरायचा आणि गाठ तोलावर आली की सोडायचा. खोकणाऱ्याला दम धरता येत नाही. हुंग्याने धरला.

"बघ," तो म्हणाला. "गेलं दुखणं."

आमच्यात माणूस बरा की आजारी हे गाठीवरच ठरायचं. त्याने गोळ्या सोडल्या.

सून तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. नात झाली. तिला घरी आणायच्या सुमारास हुंग्याला पुन्हा खोकला लागला आणि पंच्यावर रक्त दिसलं. सुनेचा फोन आला. "आबा, रागावू नका. पण मी लेकराला घेऊन येणार नाही."

"येऊच नकोस," तो म्हणाला आणि फोन मुलाच्या हातात दिला.

दवाखान्यात मी त्याच्याबरोबर गेलो. नर्सबाई चिडल्या होत्या. "गोळ्या का सोडल्या?"

"बरा झालो होतो."

"कोणी सांगितलं?"

"गाठीने."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"आबा, रक्तात पांढऱ्या पेशी असतात, आपले पहारेकरी. जंतू दिसला की त्याला गिळतात. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत जातो, तिथे पाचक रस येतो आणि तो विरघळतो. हा जंतू मोठा बेरकी. गिळला जातो, पण त्या पिशवीत रस येऊच देत नाही. पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो. काही तर सुस्त पडून राहतात, त्यांच्यावर औषध फार सावकाश चालतं. बरेचसे मेले की खोकला थांबतो. हे उरलेले वाट बघत असतात."

हुंग्या म्हणाला, "म्हणजे मी पाणी नुसतं वरून मारलं."

बाईंना ते कळलं नाही. मला कळलं.

जंतू औषधाला दाद देतात का, ते तपासलं. देत होते, नशीब. पहिल्यापासून सुरुवात. तोंडाची चव गेली, औषधाने लघवी लाल होऊ लागली, गोळी घेतली की मळमळायचं. गाठ उचलायला एकदा दम लागतो, गोळीला रोज. गोदामात येऊन बसायचा. समोर गाठी असत, पण आकड्याला हात लावला नाही.

पुढे तपासणीत जंतू दिसेनासे झाले. आता कोणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि सून लेकीला घेऊन आली. बाळाचीही तपासणी झाली होती, ती ठीक होती. पण हुंग्या ओसरीवर स्टूल टाकून बसला, आत येईना.

"आबा, घ्या की तिला. डॉक्टर म्हणाले चालेल."

"डॉक्टर म्हणाले. मी अजून म्हणालो नाही."

"हट्टी आहात अगदी!"

"जळकी गाठ आहे बाई मी. बाहेरच बरी."

नात रांगू लागली. ती उंबऱ्याकडे आली की हा स्टूल मागे सरकवायचा. तिला तो खेळ वाटायचा. खिदळत आणखी पुढे यायची. एकदा स्टूल पायरीपर्यंत गेलं, मागे जागाच राहिली नाही. तेव्हा तो उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

गोळ्या संपल्या. शेवटची तपासणीही स्वच्छ आली. तो निकाल घेऊन आला तेव्हा मी तिथेच होतो. नेहमीसारखा स्टुलावर बसला. सुनेने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, लेकीला कडेवर घेतलं आणि हुबेहूब त्याच्याच आवाजात आरोळी ठोकली, "गाठ आत घ्या!"

तो उठला. उंबरा ओलांडून आत आला. नातीच्या काखेत हात घातले, दम धरला, आणि ती खांद्यावर तोलावर आली तेव्हा सोडला. खोकला आला नाही. मग तिच्या टाळूला नाक लावून त्याने सावकाश हुंगलं.

"दूध," तो म्हणाला.