आईच्या दुखण्याची जागा

सोनोग्राफी करताना मला ओव्याचा वास येतो. खोलीत स्पिरिटचा वास असतो, पोटावर लावायच्या जेलला तर वासच नसतो, तरी येतो. सिस्टरला एकदा विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही.

मी बोईसरला पोटविकारांची डॉक्टर. इतकी वर्षं पेशंटचं पोट हाताने तपासायचं आणि चिठ्ठी लिहून सोनोग्राफीला दुसरीकडे पाठवायचं, असं चाललं होतं. मग आई गेली, पित्ताशयाच्या कॅन्सरने. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो वाणगावला आमच्याच घरात होता. तिने मला काही कळू दिलं नाही आणि बाबांनाही बोलू दिलं नाही. घरी गेले की ओवा भाजल्याचा वास यायचा. "तुझ्या आईला जरा गॅस झालाय," इतकंच बाबा सांगायचे.

म्हणून पालघरला पोटाच्या डॉक्टरांसाठी सोनोग्राफीचं प्राथमिक प्रशिक्षण निघालं, तेव्हा मी लगेच नाव दिलं. आम्ही सगळे पिकल्या केसांचे विद्यार्थी. पहिल्या दिवशी एकमेकांच्या पोटांवर सराव होता आणि शहाणे सगळे पोहे-चहा हाणून आलेले. खाल्लं की पित्ताशय आक्रसतं, हे पेशंटला सांगणारे आम्हीच! पडद्यावर कुणाचंच धड दिसेना. शिकवणाऱ्या मॅडमनी कपाळावर हात मारला. "उद्या घरचं एखादं उपाशी माणूस घेऊन या," म्हणाल्या.

माझ्या घरी उपाशी माणूस होतंच. आई गेल्यापासून बाबा दोन घास खाऊन उठायचे आणि मिरचीच्या शेतात जाऊन बसायचे. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला होता. आईचे ब्लाउज असेच सैल झाले होते. उघडच सांगते, तेच बाबांनाही झालंय या भीतीने माझी झोप उडाली होती. तपासणीचं नाव काढलं की ते उठून जात. "मला शिकायचंय, तुमी नुसते झोपा," म्हटल्यावर मात्र मुकाट्याने आले.

"थंड हाय गं," जेल लागताच ते म्हणाले. उजव्या बरगड्यांखाली मी यंत्राचा प्रोब टेकवला. "श्वास घ्या. धरा." यकृताच्या राखाडी रंगात पित्ताशय दिसलं. लहान वांग्याएवढं, काळंभोर, कडा पातळ, आत काही नाही. मॅडमनी त्यांना डाव्या कुशीवर वळवून पुन्हा पाहायला लावलं. मग बाकीचं पोटही स्वतः पाहिलं.

"आजोबा, सगळं छान आहे. आता पोटभर जेवा."

मला रडूच फुटलं. बाबा मात्र हलले नाहीत, पडद्याकडेच बघत होते.

"बाय, तुझ्या आईला झालं ते यातच?"

"हो."

"पोटावर वरून कुठं येतं ते?"

मी त्यांचं बोट धरून उजव्या बरगडीखाली ठेवलं. ते त्यांनी तिथेच दाबून धरलं. मग जेलवरून सरकवत बेंबीपर्यंत आणलं.

"इथं नाय?"

"नाय, बाबा."

"ती नुसतं पोट दुखतं म्हणायची. मी मीठ-ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून रोज शेकायचो. बेंबीवर."

कुठंही शेकलं असतं तरी काही फरक पडला नसता, असं मी त्यांना सांगितलं. ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली. मग अंगठा बेंबीवर टेकवला, करंगळी बरगडीकडे ताणली आणि अंतर मोजलं.

"वीतसुदा नाय, बाय," ते म्हणाले.