ओवाळलेली भाकरी

आधी माझा स्वभाव सांगून टाकते. आमचे हे अमावास्येला स्कूटरला लिंबू-मिरची बांधायचे आणि मी त्यातली मिरची सोडून पोह्यांत घालायचे. अंगात येणं, बाधा, नजर असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर यथेच्छ टिंगल केली. आता स्वतःच सांगायला बसलेय, तेव्हा माझीही करा... हरकत नाही. परबकाकू नुकत्याच गेल्या. त्या असेपर्यंत हे कागदावर आणणं शक्य नव्हतं. का, ते वाचल्यावर कळेल.

गोष्ट मरोळची, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची. मी तिथल्याच एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. दुपारची शिफ्ट, त्यामुळे सकाळभर घरी. आमची जागा तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे परबांचं कौलारू घर. परबकाका गिरणीत होते. संपात नोकरी गेली, मग इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन लागले. काकू मालवणकडच्या. मुलगी एकच — सुनंदा, विशी-बाविशीची. तिला टायफॉइड झाला, तो उतरलासुद्धा, पण पोरगी काही उठेना. पायांत बळ नाही, अन्न अंगी लागत नाही. गळ्याभोवती एक लाल चट्टा उठला होता, त्याला किती मलमं लावली तरी तो जात नव्हता. डॉक्टर म्हणायचे, वीकनेस आहे.

आणि त्यांच्या मागच्या अंगणात एक कुत्रा होता. टायफॉइडच्या दिवसांत काकूंनी कुठूनसा आणलेला, पूर्ण काळा. भिंतीलगतच्या हातपंपाच्या पाइपला साखळीनं बांधलेला. साखळी इतकी आखूड की दोन पावलांवरच्या सावलीतही त्याला जाता येत नव्हतं. गळ्याला साखळी तारेनं आवळलेली, तिथले केस जाऊन जखम झालेली, त्यावर माश्या. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्याला नावही नव्हतं. मीच त्याला शहाण्या म्हणायला लागले, कारण मी खिडकीत आले की तो भुंकायचा नाही, नुसता शेपूट हलवून वाट बघायचा.

मला राग फार लवकर येतो. काकूंना दोनदा बोलले, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग मी सरळ भिंतीवरून हात घालून शहाण्याला दूध-पाव द्यायला लागले. पंधरवड्यात त्याच्या अंगावर जरा मांस दिसायला लागलं. मला स्वतःचं फारच कौतुक वाटलं.

सुनंदाला मासिकं द्यायला मी अधूनमधून जायचे. तिची कॉट आतल्या खोलीत, मागच्या बाजूला खिडकी नाही, मध्ये भिंत. त्या दिवशी ती उशीला टेकून चक्क बसली होती. काकू बाहेर गेल्याचं बघून ती हळूच म्हणाली, "ताई, काल दुधात साखर घातलीस ना?"

मी हसले. म्हटलं, आवाज ऐकला असेल, कोणी सांगितलं असेल.

मग एकदा मी शहाण्याला जंताची गोळी दिली, गुळाच्या खड्यात दडवून. दुसऱ्या दिवशी सुनंदा म्हणाली, "काल काय दिलंस गं? वरून गोड आणि आतून कडूजहर. मला ओकारी झाली." ह्या गोळीचं मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तरी मी हट्टी. ऑफिसात एका साहेबांनी डब्यातलं चीज आणलं होतं, त्याचा तुकडा मुद्दाम नेऊन शहाण्याला घातला. परबांच्या घरात असली वस्तू कधी आली नसणार. सुनंदानं तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "साबणासारखं काहीतरी. खारट. दाताला चिकटलं."

तिच्या गळ्यावरच्या चट्ट्याकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं. तो साखळीच्या जागी होता.

"आईला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? ती म्हणेल, बाधा माझ्याच अंगात शिरली. मग भगत, धुरी, झाडूचा मार... तू कोणाला बोलू नकोस, ताई. शप्पथ."

मी कबूल केलं. त्याच आठवड्यात काकूंनी मला भिंतीवरून हात घालताना पकडलं.

"तू त्याका खावक घालतंस?"

"घालते. तुम्ही घालत नाही म्हणून."

"मी घालतंय. रोज घालतंय." मग त्यांनी जे सांगितलं ते असं — रोज दुपारी बाराला त्या सुनंदावरून एक भाकरी ओवाळायच्या आणि कुत्र्याला दिवसभरात तेवढीच घालायच्या. आजार भाकरीबरोबर कुत्र्याच्या पोटात जातो. उतारा काढतात तसाच, फक्त तिठ्यावर न टाकता घरीच. "भरल्या पोटाचो कुत्रो ओवाळलेली भाकरी खाणा नाय गो. मगे माझ्या चेडवाची, सुनंदाची, पीडा जातली खय? आणि सोडलो, तर पीडा घेऊन परत दारात येतलो. बांधलेलोच बरो."

"काकू, त्याला चांगलं खायला घाला. सुनंदा बरी होईल. माझं ऐका."

"तुका पोर नाय. तुका काय कळतला?"

ते फार लागलं. पण लागलं त्यापेक्षा जास्त भीती वाटली. ही बाई लेकीवर जीव टाकत होती आणि रोज बाराच्या ठोक्याला तिला उपाशी मारत होती. टायफॉइड केव्हाच गेला होता. पोरीला होतं ते त्या कुत्र्याचं दुखणं होतं. मला हे दिसत होतं, शप्पथ घातल्यामुळे सांगता येत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कोणी मानलं असतं?

काकूंनी भिंतीवर पत्रे ठोकून घेतले. दूध-पाव बंद. शहाण्याचं कण्हणं तेवढं पत्र्याआडून यायचं. सुनंदा भराभर खंगत गेली, मान उचलवेना. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "त्याला सोडव, ताई. नाहीतर आम्ही दोघंही जाऊ."

काकू बाजारात आणि काका ड्युटीवर गेलेले बघून मी पक्कड घेऊन त्यांच्या अंगणात शिरले. तार मांसात रुतली होती. मी ती तोडत होते आणि तो बिचारा माझं मनगट चाटत होता. तार तुटली तशी आतल्या खोलीतून सुनंदा मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती. मी शहाण्याला चादरीत गुंडाळलं, रिक्षा केली आणि खारदांड्याला नेलं. तिथे माझ्याबरोबर ऑपरेटर असलेली वत्सला राहायची, कोळ्यांची. तिच्या घरी माणसं, मांजरं, कोंबड्या, सगळ्यांनाच जागा. तिनं एक अक्षर न विचारता त्याला ठेवून घेतलं.

काकूंनी मग अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. माझ्या नावानं बोटं मोडली. पण महिनाभरात सुनंदा भिंत धरून चालायला लागली, दोन महिन्यांत नळावरून कळशी आणायला लागली. गळ्यावरचा चट्टा गेला. काकू गप्प झाल्या. पुढे तर म्हणायला लागल्या, बाई, तुझ्या हातून कुत्रा पीडा घेऊन वेशीबाहेर गेला. सुनंदा माझ्याकडे शिवण शिकायला येई आणि चिडवायची, "तुझ्या त्या वत्सलेला सांग, रोज माशाचं डोकं नको म्हणावं. मला आता बांगडा बघवत नाही." आम्ही दोघी पोट धरून हसायचो. तेवढे दिवस फार चांगले गेले.

मग सुनंदाचं लग्न ठरलं. भांडुपचा मुलगा, चांगली माणसं. आणि काकूंच्या मनात पुन्हा ते सुरू झालं. पीडा मेली नाही, नुसती लांब गेलीय... लग्नात परत आली तर? मला त्यांनी कुत्रा कुठे आहे ते विचारलं, मी उडवून लावलं. आमच्या ह्यांना विचारलं, तर ह्यांनी कौतुकानं सांगितलं, "अहो, दांड्याला आहे, वत्सलाकडे. मस्त धष्टपुष्ट झालाय." ह्यांना दोष देत नाही. मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं.

माझ्या सुट्टीचा दिवस होता. संध्याकाळ व्हायच्या आधी काकू आल्या, हातात नारळाच्या वड्यांची ताटली. चेहऱ्यावर कधी न बघितलेलं समाधान. म्हणाल्या, "दांड्याक जावन इलंय. चेडवावरसून शेवटची भाकरी ओवाळलंय आणि त्याका घालून इलंय. उंदराचा औषध होता तिच्यात. आता माझा चेडू कायमचा सुटला."

मी अनवाणी परबांच्या घराकडे धावले. सुनंदा स्वयंपाकघरात जमिनीवर होती, अंग ताठरलेलं, ओठाला फेस. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "ताई... भाकरी आईच्या हातची आहे गं."

काकू माझ्या मागोमाग दारात पोचल्या होत्या. त्यांनी तेवढं एकच वाक्य ऐकलं. "हां बाय, हां," म्हणाल्या आणि घाईघाईनं पिठाचा डबा ओढला. "आत्ता थापतंय हां, गरम गरम देतंय..." त्या पीठ मळत राहिल्या आणि मी ओरडत राहिले की रिक्षा आणा, कोणीतरी रिक्षा आणा. हॉस्पिटलच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा सुनंदा गेली होती.

पोलीस आले. पोस्टमॉर्टेम झालं. पोटात दुपारचा वरणभात, विषाचा अंशसुद्धा नाही. हृदय बंद पडलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी वत्सला रडत सांगत होती की कोणी एक बाई आली, कुत्र्याला मायेनं भाकरी भरवून गेली, आणि संध्याकाळी बोटी लागायच्या वेळेला तो गेला.

मी डॉक्टरांशी बोलले आहे, पुस्तकं वाचली आहेत. योगायोग म्हणावा, तर चीजचं काय करू? पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. अजून लिंबू-मिरचीवर माझा विश्वास नाही. ह्या एका गोष्टीपुढे मात्र माझं तोंड बंद होतं.

काकूंनी पुढे सगळ्यांना सांगितलं की मी कुत्रा सोडला म्हणून हे झालं, मरताना तो पोरीला घेऊन गेला. लोकांनी मानलं. मी कधी उलटून बोलले नाही. खरं सांगितलं असतं, तर ती बाई एक दिवस जगली नसती.

राग हळूहळू विझला. म्हातारपणी त्या माझ्याकडे येऊन बसायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या, "मरताना माझ्या चेडवान भाकरी मागल्यान ना गो? आणि माका देवक गावली नाय."

मी म्हणायचे, "हो काकू. तुमच्याच हातची मागितली होती."