चतुराबाईच्या गाडीतला बिब्बा

चतुराबाईला संशय काही एका दिवसात जडला नव्हता. दूधवाला पाणी घालणारच, शिंपी कापड मारणारच, आणि देवळातला पुजारी नारळाचं मोठं भक्कल स्वतःला ठेवणारच, हे तिचं ठाम मत. मंठ्याजवळच्या त्या गावात तिला कुणी फसवलं नाही, कारण तिनं कुणाला तेवढी फुरसतच दिली नाही. भरवसा एकट्या सोनूबाईवर. सोनूबाई तिची थोरली जाऊ, विधवा, पोटी मूलबाळ नाही. दोघींची उभी हयात एका अंगणात, एका चुलीवर गेलेली, आणि चतुराबाईची लेकरं तिच्याच मांडीवर वाढलेली.

२००७ साली चतुराबाईच्या नवऱ्यानं, तातेरावानं, औरंगाबादहून जुनी परदेशी बनावटीची गाडी आणली. आतलं प्लास्टिक काळंभोर, हाताला मऊ मखमली लागणारं. सोनूबाईनं दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, लोण्यावानी हाय गं. बिचारी बोलून गेली.

उन्हाळा लागला आणि गाडी आतून चिकटायला लागली. दाराची मूठ धरली की तळवा काळा. तातेरावाच्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग, चतुराबाईच्या पदरावर डाग, आणि धुऊन जातील तर शपथ. आता आमच्या मराठवाड्यात कापडावर असा काळा चिकट डाग उठला की बाईमाणसाला एकच आठवतं, बिब्बा. भानामती करणारे बिब्ब्याच्या फुल्या उठवतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. मंग गाडीवरून हात कुणी फिरवला होता? लोणी कुणाच्या तोंडून निघालं होतं? झालं, पाल चुकचुकली.

घनसावंगीकडच्या एका जाणत्यानं अंगारा दिला. गोड्या तेलात कालवून रोज चिकट जागी चोळायचा. चतुराबाईनं तो इमानेइतबारे चोळला, आणि जितकं तेल जाई तितका चिकटा वाढे. बघा, ती जोर करून राह्यली, असं ती नवऱ्याला म्हणे. तातेरावानं तिला वेड्यात काढलं, पण ऐकते कोण. तिनं चूल वेगळी केली. हापशावर बायकांना सोनूबाईचं नाव सांगितलं, तेही कुणाला सांगू नका म्हणून, म्हणजे दुपारपर्यंत गावभर. सोनूबाईच्या दारापुढून लेकरं पळत जाऊ लागली, आणि तिच्या हातचं पाणी कुणी घेईना.

शेवटी वैतागून तातेरावानं गाडी जालन्याला नेली, भिवा नावाच्या कारागिराकडं. गाड्यांची आतली कामं तो करायचा. चांगला माल काढून घेईल म्हणून चतुराबाईही गेली आणि स्टूल टाकून त्याच्या हातांवर डोळे रोवून बसली.

भिवानं मुठी आणि एसीच्या जाळ्या खोलल्या, फडकं स्पिरिटात भिजवलं आणि पुसायला घेतलं. काळा थर सालीसारखा सुटला. खाली साधं टणक, राखाडी प्लास्टिक निघालं. चतुराबाईनं विचारलं, हा बिब्बा कसला? भिवानं मान वर केली नाही. हा मऊ रंग कंपनीचाच असतो, वर्षं झाली आणि ऊन खाल्लं की विरघळतो, अशा गाड्या येतातच, असं तो म्हणाला.

"पण याला तेल कुणी चोळलं? तेलानं तं अजून पघळतंय हे."

तातेरावानं बायकोकडं बघितलं. तिनं ते फडकं उचललं आणि बोटं घासली. तोच डाग, तसाच. पुढं भिवानं पाणी मारून पॉलिशपेपर फिरवला, सुकवून बिनचमकीचा काळा रंग फवारला. रंगात त्यानं लबाडी केली असती तरी त्या दिवशी तिला कळलं नसतं.

घरी आली ती सरळ सोनूबाईकडं. सगळं सांगितलं, पाय धरले, रडली. सोनूबाई तांदूळ निवडत होती.

"मला कशाला सांगती? मला तं ठावंच होतं. जिथं नाव घेतलं तिथं जाऊन सांग."

सकाळी घरात पाणी असूनही चतुराबाई हापशावर गेली. रंग, ऊन, तेल, सगळं मोठ्यानं सांगितलं. सोनूबाईचा काही दोष न्हाई, पाप माझंच, असंही म्हणाली. उभ्या जन्मात तिनं कुणाला निर्दोष म्हटलं नव्हतं. तिथल्या एका बाईनं आपली घागर तिच्यापासून जरा लांब ओढली.

ती वळली तेव्हा मागं कुणीतरी हळूच म्हणालं,

"हिलाबी धरलं बघ सोनूबाईनं."